पिशाच्चाचे खरेदीखत



ज्या ग्रंथपालांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला प्रतिवर्षी भरते, त्यांच्या तसबिरीसमोर आजवर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले गेले. आज मात्र दस्त-नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला, सत्तरी उलटलेला एक मनुष्य, किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिलेल्या रक्तपिपासू पिशाच्चांच्या कादंबऱ्या प्रौढांनी का वाचाव्यात, हे सांगण्यास उभा राहिला आहे. तेव्हा चालकांच्या साहसाचे कौतुक करावे की त्यांच्या विवेकाची चिंता वाहावी, असा पेच आपणांपैकी काहींना पडला असल्यास नवल नाही. मलाही तो पडला होता. परंतु निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

प्रौढाने मुलांची पुस्तके वाचू नयेत, हा दंडक कोणी घातला? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, ती मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. परंतु अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून राहून गेलेल्या या माणसाचे ते पुस्तक वाचताना ज्यांचा कंठ दाटून आला, त्यांत नातवंडांचे धनी झालेले थोडे का होते? त्यांना कोणी जाब विचारला नाही. याचा अर्थ आपला आक्षेप मुलांच्या पुस्तकाला नसून भुताला आहे. रडवणारे पुस्तक कोणत्याही वयात शोभते, भिववणारे मात्र मिसरूड फुटल्यावर सोडून द्यावे, असा आपल्याकडे एक अलिखित शिरस्ता आहे. आमच्या तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ घराघरांत होते. पण दिवाणखान्यातल्या कपाटात नव्हते, उशीखाली होते. नारायण धारपांचे भयकथांचे पुस्तक वाचनालयातून नेणारा कारकून त्यावर ज्ञानेश्वरीचे नाही तरी निदान एखाद्या प्रवासवर्णनाचे झाकण ठेवून रस्त्याने चाले.

मी वाङ्मयाचा पंडित नाही. माझी हयात खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि मुखत्यारनामे यांच्या सहवासात गेली. त्यामुळे या कादंबऱ्या मी वाचल्या त्या कागदपत्रे तपासणाऱ्याच्या नजरेने, आणि त्या नजरेला जे दिसले ते माझ्या मते सोळा वर्षांच्या वाचकाला दिसणे कठीण आहे. तेवढेच आज मांडावयाचे आहे.

प्रथम या पिशाच्चाचे कुळ पाहू. युरोपातील रक्तपिपासू प्रेत सुशिक्षितांच्या जगात आले ते सरकारी कागदाच्या पाठीवर बसून. सर्बियाचा मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे होता त्या काळची ही हकीकत. १७२५ साली किसिलोवा नावाच्या खेड्यात पेटर प्लोगोयोविट्झ नावाचा एक शेतकरी मरण पावला आणि त्यामागोमाग आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. गावकऱ्यांनी त्याचे प्रेत उकरण्याचा हट्ट धरला आणि बादशाही अंमलदाराने, नाइलाजाने का होईना, तेथे हजर राहून वरिष्ठांना अहवाल धाडला. पुढे १७३२ च्या जानेवारीत मेदवेजा या गावी फ्ल्युकिंगर नावाच्या लष्करी शल्यवैद्याने कबरी उघडून, प्रेत कोणत्या स्थितीत आढळले, तोंडाशी रक्त होते की नव्हते, नखे नवी होती की जुनी, याचा रीतसर पंचनामा केला आणि त्यावर सह्या घेतल्या. सांगा, भुताचा पंचनामा! पंच कोणते, मुद्देमाल कोणता, आणि पुढील तारीख कोणती? परंतु हसू नका. तोच कागद नकला होऊन जर्मनीत, फ्रान्सात, इंग्लंडात पसरला आणि खेड्यातले एक भय विद्वानांच्या वादाचा विषय झाले. अखेर १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेझा हिने आपला राजवैद्य फान स्वीटेन याचे मत घेऊन प्रेते उकरण्यास मनाई केली. कुजण्याची क्रिया थंडीने लांबते, साथीचा रोग घरातल्या घरात पसरतो, एवढा साधा खुलासा पुरेसा होता. तो मिळेपर्यंत किती मृतांची विटंबना झाली असेल ती झाली.

निदान त्यांच्याकडे ती मृतांची झाली. आमच्याकडे? सातपुड्याच्या कुशीत, या सभागृहापासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर, कोणाचे मूल दगावले, कोणाची गाय आटली, म्हणजे एखाद्या विधवेवर वा एकाकी स्त्रीवर ‘डाकीण’ असा आळ येतो. ती दुसऱ्याचा जीव आतून खाते, अशी समजूत असते आणि तिला मारहाण होते, गावाबाहेर घालवले जाते, क्वचित जिवेही मारले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी अठरा वर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला २०१३ साली, आणि तोही २० ऑगस्ट रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर. मारिया थेरेझाचे फर्मान आणि आमचा अधिनियम यांत अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. म्हणून भुताच्या गोष्टीची गोडी असलेल्या प्रौढावर एक जबाबदारी येते. कादंबरीतले पिशाच्च कादंबरीतच राहिले पाहिजे. ज्या घरातल्या मुलाला पुस्तकातला राक्षस पुस्तक मिटताच संपतो हे ठाऊक असते, ते मूल शेजारणीला डाकीण म्हणणार नाही, अशी माझी आशा आहे. सिद्धान्त म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

असो. पंचनाम्यातून हे पिशाच्च वाङ्मयात शिरले ते तरुणांच्याच हातून. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षीचा युरोपचा उन्हाळा बुडवला आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या काही मंडळींनी एकमेकांस भुताच्या गोष्टी सांगण्याची पैज लावली. त्यांत मेरी, पुढची मेरी शेली, होती अठरा वर्षांची. तिने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली. पोलिडोरी हा कवी बायरनचा वैद्य होता वीस वर्षांचा. त्याची ‘द व्हॅम्पायर’ १८१९ साली प्रसिद्ध झाली. हे वाङ्मय पोरकट आहे असे म्हणणाऱ्यांनी ते पोरांनीच निर्माण केले, हे लक्षात ठेवावे.

आता मुख्य पुस्तकाकडे येतो. १८९७ सालची ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’. तिच्यावरचे चित्रपट सर्वांनी पाहिले आहेत. काळा झगा, सुळे, वटवाघूळ. परंतु तिचा आरंभ कशाने होतो? खरेदीखताने! जोनाथन हार्कर हा नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला वकील, आपल्या मालकाच्या वतीने एका परदेशी सरदाराला, म्हणजेच ड्रॅक्युलाला, लंडनजवळची मिळकत विकत घेऊन देण्यासाठी कागदपत्रे घेऊन निघाला आहे. मिळकतीचे क्षेत्र सुमारे वीस एकर. भोवती उंच दगडी भिंत, आत झाडी, एक तळे, जुने प्रार्थनामंदिर. चतुःसीमा तेवढ्या लिहावयाच्या राहिल्या. ते भूतही कसे? एका वकिलाला दुसऱ्या वकिलाच्या कामाचा पत्ता लागणार नाही अशा रीतीने दोन वकील नेमता येतील काय, अशी चौकशी करणारे. असे पक्षकार मी पाहिले आहेत. त्यांचे दात मात्र सामान्य होते.

शिवाय ही कादंबरी म्हणजे एक दप्तरच आहे. रोजनिशी, पत्रे, तारा, जहाजाची नोंदवही, वर्तमानपत्रांची कात्रणे. मीना नावाची एक विलक्षण हुशार स्त्री हे सर्व तारीखवार लावते, टंकयंत्रावर नकला काढते, आणि त्या दप्तराच्या बळावर पिशाच्चाचा माग लागतो. पिशाच्चालाही कागदाचे सामर्थ्य कळते. संधी मिळताच ते मूळ लेख जाळून टाकते. शेवटी हार्कर कबूल करतो की आता आपल्यापाशी नकलाच उरल्या आहेत, अस्सल कागद जवळजवळ एकही नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्या धुळ्यात १९२६ च्या अखेरीस देह ठेवला आणि ज्यांच्या दप्तरांसाठी दुसऱ्याच वर्षी येथे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावात ही गोष्ट सांगताना मला गंमत वाटते. अस्सलाचा आग्रह धरणाऱ्या त्या तापट महापुरुषापुढे हार्करने हे बाड ठेवले असते, तर भुताआधी हार्करची गाठ कोणाशी पडली असती, हे मी सांगावयास नको.

या पुस्तकात एक नियम आहे. ज्या घरात पिशाच्चाला शिरावयाचे, त्या घरातील कोणीतरी प्रथम त्याला आत बोलावले पाहिजे. एकदा बोलावले की पुढे ते वाटेल तेव्हा येऊ शकते. गढीच्या दारात सरदार उभा आहे आणि हार्कर आपल्या इच्छेने उंबरठा ओलांडेपर्यंत तो पाषाणवत जागचा हलत नाही. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. कारण ही अट मी जन्मभर वाचीत आलो होतो. प्रत्येक खरेदीखताच्या शेवटी असते ना: सदरहू दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिला असे! किशोर वाचक त्या दारात दिसणाऱ्या दातांना भितो. प्रौढ वाचक या राजीखुशीला भितो, कारण आयुष्यात त्याचे जे जे गेले, ते बहुतेक सहीनिशी गेलेले असते.

रक्ताचेही तसेच आहे. ‘रक्त पिऊ नकोस’ हे आपण घरात दिवसातून चार वेळा म्हणतो आणि त्यात भूतपिशाच्च काही नसते; पण सावकाराविषयी म्हणतो तेव्हा ते अक्षरशः म्हणतो. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जो दंगा उसळला, त्यात कुणब्यांनी विशेषेकरून काय मागितले? रोखे, खतपत्रे, आणि ती हाती आली की जाळली. माणसावर ज्याने हात उगारला नाही, त्यानेही कागद जाळला. आपले रक्त कोठे साठवले आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

मराठीत हे पिशाच्च आणणाऱ्यांत नारायण धारप येतात. १९२५ साली जन्मलेल्या आणि २००८ साली निवर्तलेल्या या लेखकाची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे. मूळ इंग्रजी पुस्तकातही पिशाच्च गावात शिरते ते जमीनजुमल्याच्या व्यवहारातून: गावातला दलाल लाभाच्या आशेने एक बदनाम जुने घर परक्याच्या हवाली करतो आणि फार विचारीत नाही. त्या गावात शिकलीसवरलेली माणसे एकामागून एक बळी पडतात, आणि राक्षसांची मासिके वाचून वाचून त्या विद्येत पारंगत झालेला एक मुलगा, रात्री खिडकीशी येऊन आत घे म्हणणाऱ्या मृत सोबत्याला आत घेत नाही. त्याला नियम पाठ आहेत! भिकार समजल्या गेलेल्या वाचनाचा असा गौरव दुसऱ्या कोणा कादंबरीकाराने केला असेल तर मला ठाऊक नाही. ज्या पालकांना मुलांच्या हातातली असली पुस्तके खटकतात, त्यांनी निदान हे एक प्रकरण वाचून मग ती काढून घ्यावीत.

आता आपण आपल्या भुतांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय मला पुढचे सांगता यावयाचे नाही. आपली भुते रक्त पिण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. ती धरतात, झपाटतात, वाट चुकवतात. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, धनाला चिकटलेला ब्राह्मण समंध होऊन त्यावर बसतो, आणि मुंज झाल्यावर पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. वेताळ तर इतका सुसंस्कृत की राजाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगतो आणि न्यायनिवाड्याचे प्रश्न विचारतो. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली त्याला इंग्रजीत नेताना रक्तपिपासूंच्या पंगतीला बसवले, तो त्या बिचाऱ्यावर अन्याय झाला. परंतु मला बोलावयाचे आहे ते मुंजाविषयी. कायमचा कुमार, ज्याचे वय पुढे सरकत नाही, ज्याची सोडमुंज व्हावयाची राहिली ती राहिलीच! कोकणातल्या अशाच एका मुंजावर २०२४ साली हिंदी चित्रपट निघाला आणि तो पाहून आलेली शहरातली मुले आजोबांना विचारू लागली की हे खरे असते का. आमच्या जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात, अट्रावलला मुंजोबा आहे. माघात त्याची यात्रा भरते, माणसे नवस फेडतात, पंगती उठतात. अकाली गेलेल्या पोराची धास्ती आमच्या लोकांनी कशी निववली पाहा: त्याला ठाव दिला, जेवू घातले, त्याच्याकडे मागणे मागितले. पण आपणही मुंजा व्हावे, असे खानदेशात कोणाला कधी वाटले आहे काय?

अमेरिकेत वाटले. स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ २००५ साली निघाली, चार खंड २००८ पर्यंत पुरे झाले, आणि ते चारही माझ्या नातीने सुटीत माझ्या घरी टाकून दिल्यामुळे मी वाचले. नायक एडवर्ड हा माझ्या हिशेबी मुंजाच आहे. त्याचा जन्म १९०१ चा; १९१८ साली शिकागोत इन्फ्लुएन्झाने तो मरणाच्या दारी असता एका वैद्याने, जो स्वतः पिशाच्च आहे, त्याला आपल्यासारखे करून वाचवले. ही तीच साथ, जिला आमच्या वाडवडिलांनी मानमोडी म्हटले आणि जिने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे, त्यांतही ऐन उमेदीची, नेली. मानमोडीच्या कथा मी आजीकडून ऐकल्या होत्या. त्या साथीतला एक पोरगा शंभरी ओलांडून, सतरा वर्षांचे रूप घेऊन, पुन्हा पुन्हा शाळेत नाव घालतो आहे, हे वाचून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. अनंत काळ, आणि त्यात दर काही वर्षांनी अकरावी! तरुण वाचकाला यात अमरत्व दिसते. ज्याने एकदा मॅट्रिकचे गणित दिले आहे, त्याला नरक दिसतो. एडवर्डचे पिशाच्च-कुटुंब हरणांचे नि पहाडी सिंहांचे रक्त पिते आणि स्वतःला विनोदाने शाकाहारी म्हणवते. जळगावच्या सराफ बाजारात हा विनोद कोणी करू नये.

आता माझा मुद्दा. या कादंबऱ्यांत निमंत्रणाचा तो जुना नियम नाही. एडवर्ड रात्रीच्या रात्री नायिकेच्या, म्हणजे बेलाच्या, खोलीत येतो आणि ती झोपेत असताना तिला पाहत बसतो; तिला पत्ता नाही, घरातल्या कोणी आत ये म्हटलेले नाही. तिला पुढे हे कळते तेव्हा ती रागावण्याऐवजी सुखावते. शंभर वर्षांहून अधिक काळ वंशपरंपरेने चालत आलेली एकमेव सभ्य अट गळून पडली आणि कोट्यवधी वाचकांपैकी बहुतेकांना तिची आठवणही झाली नाही! मला झाली, कारण मी ते पुस्तक एडवर्डच्या बाजूने वाचीतच नव्हतो. मी वाचीत होतो चार्लीच्या बाजूने. चार्ली हा मुलीचा बाप, गावचा पोलीस अधिकारी. सुटीच्या दिवशी गळ टाकून मासे धरतो, लेकीने रांधलेले निमूट जेवतो, आणि वरच्या मजल्यावर काय चालले आहे याचा त्याला सुगावा नाही. सातबाऱ्यावर आपण ‘अ.पा.क.’ लिहितो; अज्ञान मुलाचा पालक, कर्ता. या कथेत अज्ञान सगळे पालकाच्या वाट्याला आले आहे.

नातीशी माझा यावरून वाद झाला. ती म्हणाली, “आबा, बेला पुढे स्वतः सांगते ना की तिची हरकत नव्हती?” मी म्हणालो, “ती सतरा वर्षांची आहे. अज्ञानाचा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ठरवून दिले आहे, आणि सज्ञान झाल्यावर मागाहून होकार देऊन तो जिवंत करता येत नाही.” ती म्हणाली, “आणि एडवर्डला कोणी विचारलं होतं? त्याच्या आईने डॉक्टरला गळ घातली. त्याची सही कुठे आहे?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुंजालाही कोणी विचारलेले नसते.

मग मी तिला ‘ड्रॅक्युला’ वाचावयास दिली, नियमाचे पुस्तक म्हणून. तिने आठवड्याने ती परत केली आणि मीनाविषयी बरेच बोलली. मीना नसती तर ही सगळी पुरुष मंडळी अजून अंधारात चाचपडत असती, हे तिचे म्हणणे मला मान्य आहे. नंतर ती म्हणाली, “पण आबा, तुमची ती राजीखुशी. हार्करला पोचवून गाडी निघून गेली. रात्र आहे, रानात लांडगे आहेत, गाव कुठे आहे ते माहीत नाही. तो दारातून आत नाही जाणार तर कुठे जाणार?”

सभ्य गृहस्थहो, माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली माणसे मला त्या क्षणी नावनिशीवार आठवली. कपाशी गेलेल्या वर्षी आलेली, लेकीच्या लग्नानंतर आलेली, दवाखान्यातून सरळ आलेली. दस्त तुम्हीच लिहून दिला का? हो साहेब. मजकूर समजला का? हो साहेब. रक्कम मिळाली? हो. आणि घेणारा शेजारच्या बाकावर पान लावीत बसलेला. मी अंगठा घेत असे, शिक्का मारीत असे, आणि कायद्याने मला विचारावयाचे ते सर्व मी विचारलेले असे. मागे लांडगे आहेत का, असा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा आवरतो. नातीने मायर यांचे आणखी एक पुस्तक धाडले आहे. त्यात तीच हकीकत एडवर्डच्या तोंडून सांगितली आहे असे ती लिहिते, म्हणजे आरोपीचा जबाब. तो वाचून झाल्यावर वाचनालयाच्या कपाटात ठेवण्याची चालकांनी अनुज्ञा द्यावी, एवढी विनंती करतो. कुलूप न लावता, ‘लुचाई’च्या शेजारी.